रकाना सातवा

नमुना 'क' घेऊन मी बंदर रस्त्याला गेलो,
टेप, पेन्सिल आणि पालिकेची किल्ली.
किल्ली फिरेना. कुलपात मीठ साचलेलं.
शेजारून इनास फर्नांडिसला हाक मारली;
तो खोबरेल आणि कोंबडीचं पीस घेऊनच आला,
जणू आजाऱ्याच्या कानात औषध घालायचं होतं.

रकाना एक, वास्तूचे नाव.
कागदावर विद्युत उपकेंद्र, गावात पावरहौस.
इनास नुसतं 'घर' म्हणतो,
एकतीस वर्षं त्याची रात्रपाळी इथे.
साहित्य: जांभा, चुना, मंगलोरी कौलं,
उंच कमानी आणि त्यांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा.
माणसांसाठी नव्हेत,
आतलं यंत्र तापायचं, त्याला वारा हवा म्हणून.
यंत्रासाठी इतकं देखणं कोण बांधतं, मी विचारलं.
"तेव्हां सगळां नवां होतां," इनास म्हणाला,
"पावण्याक पडवी नको?"

लांबी बेचाळीस फूट. रुंदी सव्वीस.
भिंतीवर संगमरवरी फळा, फळ्यावर तांब्याच्या तरफा,
त्यांच्या लाकडी मुठी हात लागून लागून गुळगुळीत.
वाळूची लाल बादली, वाळू अजून आत,
वाळूत मांजराची पावलं.
धोक्याच्या पाटीवरल्या कवटीला
कुणा पोरानं खिळ्यानं मिशा काढल्यात.
मिशांना रकाना नाही.

खारं धुकं बसलं की रात्री
चिनीमातीच्या चिमण्यांवर निळ्या मुंग्या धावायच्या.
लाइन बंद करून इनास शिडी लावायचा,
गोड्या पाण्याची कळशी, जुनं धोतर,
एकेकीचं तोंड पुसायचा.

आणि त्याच्या बापाच्या काळात तर वीज अकरापर्यंतच.
पावणेअकराला बाप तरफ तीनदा ओढायचा,
गावभर दिवे मिचकायचे.
"लायटीन डोळो मारल्यान," बायका म्हणायच्या,
पत्ते मिटायचे, भांडणं उद्यावर जायची.
एका बाळंतपणापायी दिवे दीडपर्यंत ठेवले होते.
वहीत कारण लिहिलंय: तेल शिल्लक होते.
ती मुलगी पोस्टात लागली, रिटायरही झाली.

रकाना सात, वारसा मूल्य.
ऐतिहासिक, स्थापत्यविषयक, सामाजिक:
लागू असेल त्यावर खूण करा.
इथे कुठला राजा उतरला नव्हता.
मी पेन्सिल चावत पायरीवर बसलो.

तिथे भालू गिरप आला, जाळ्याचा धागा दातांत.
"पाडतास काय?"
मोजतोय, म्हटलं.
त्यानं समुद्राकडे पाठ केली आणि वर बोट दाखवलं.
ह्या कौलांचं टोक आणि मागल्या सड्यावरचा एकटा माड
एका ओळीत आले की डावीकडे वळायचं.
नाहीतर कासवखडप,
भरतीच्या पाण्याखाली हातभर, दिसत नाही.
ही ओळ त्याच्या आज्याची,
टोकावर दिवा जळायचा तेव्हाची.
दिवा गेला. ओळ राहिली.
"मोबाइल आसा," तो म्हणाला, "पण तो भिजता.
ह्यां पाडलास तर खडप खंय, तां कसां कळतला?"

मी तिन्ही शब्द खोडले
आणि लिहिलं: समुद्रातून दिसते.

फॉर्म परत आला.
लाल शाईत, तिरकं: खुलासा करावा.

काल त्या खुलाशासाठी गिरपच्या होडीत बसलो.
दोनदा ओकलो, टेप उगीचच हातात.
किनारा बारीक होत गेला, देऊळ झाडीत बुडालं,
नवी तीनमजली बँक सुद्धा.
कौलांचं टोक तेवढं सरकत सरकत
माडाला जाऊन टेकलं.
गिरप काही बोलला नाही. सुकाणू फिरवलं.
उजवीकडे, अगदी जवळ,
पाणी एका जागी पांढरं झालं
आणि पुन्हा काळं.